भाईकाकांनी पोस्ट काढली नाही

आचऱ्यात भाईकाका समोरून आले की माणसं वाट बदलतात. दुधाचा भाव विचारला तरी ते म्हशीच्या माहेरापासून सुरुवात करतात. असा माणूस मायक्रोब्लॉगिंग करतो हे कळलं, तेव्हा माझा चहा कपाबाहेर गेला.

"म्हणजे काय, म्हायत आसा?" त्यांनीच मला शिकवलं. "ब्लॉग म्हणजे लांबण. ह्या थोडक्यात. अक्षरां वाढली तर फोन घेणा नाय."

मी त्यांचं खातं उघडलं. 'आज बांगडो मऊ. घेव नको.' त्याखाली, 'एसटी इली. कालची.'

मग एके सकाळी त्यांनी खाडीकाठच्या लॉजच्या पाइपचा फोटो टाकला. 'पाहुण्यांनू, तुमचा सांडपाणी आमच्या खाडीत. कालवां मेली.' ती पोस्ट कुठल्या कुठे गेली. लॉजची बुकिंगं रद्द झाली आणि मालक सरपंचांना घेऊन काकांच्या अंगणात आला. मी कुंपणापलीकडेच होतो.

"भाईनू, ता काढून टाका," सरपंच म्हणाले.

"काढूचंय नाय."

"मग माफी तरी लिहा," मालक म्हणाला.

"माफीक जागा पुरूची नाय. तुमी पाईप काढा. 'पाईप काढलो' इतक्या बरोबर बसता."

मालकाने त्यांचे नारळ घेणं बंद केलं. खळ्यात ढीग लागला. मी म्हटलं, "काका, थोडं नमतं घ्या." ते फोनवर बोट चालवत राहिले. 'नारळ आसत. गिऱ्हाईक गेला. पाईप थंयच.' हे रोज सकाळी, न चुकता. शेवटी लॉजवाल्याने शोषखड्डा खणला आणि पाइप उचलला.

त्या संध्याकाळी अभिनंदन करायला गेलो, तर काका चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांशी धरून बसले होते.

"हेतूर सुधीरचा नाव खंय दिसता काय बघ."

सुधीर त्यांचा मुलगा, मुंबईला असतो.

"फोनच करा ना त्याला."

"उचलणा नाय. म्हणता, बाबा, तुमचा बोलणा संपणा नाय. म्हणान थोडक्यात लिहूक शिकलंय."

मी पाइपच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया खाली खाली सरकवत गेलो. बऱ्याच खाली सुधीर सापडला. मी वाचून दाखवलं, "बाबा, बरा केल्यात. तब्येतीक जपा."

काका फोनजवळ सरकले.

"परत वाच," ते म्हणाले. "सावकाश."