ज्याची त्याची सुरी

एका जंगलात पाय सगळ्यांना होते, हात मात्र एकट्या माकडालाच होते. मुलांनो, एवढं नीट ध्यानात ठेवा. त्या जंगलातल्या कोणाच्याच ते ध्यानात राहिलं नाही.

जंगलात एक तळं होतं. तळ्याकडे जाणारी पायवाट एकच. त्या पायवाटेवर एक शिकारी दोरीचे फास लावून ठेवायचा. फासात पाय अडकला की जितकी ओढाताण करावी तितकी गाठ आवळायची. पिंगी नावाच्या भेकराची आई अशीच गेली होती. भेकर म्हणजे लहान चणीचं हरीण. भ्यालं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. पिंगीची आई खूप वेळ भुंकली होती.

एके दिवशी माकड गावातून पोतंभर लहान लहान सुऱ्या घेऊन आलं. प्रत्येक सुरीला गळ्यात घालायला लाल गोफ होता.

सगळे जमले. माकडाने स्वतःच्या पायाला वेल गुंडाळली.

"समजा, हा फास," ते म्हणालं. मग त्याने गळ्यातली सुरी उपसली, कचकन वेल कापली आणि टुणकन उडी मारली. "बस्स! एवढंच! कमरेला लावली तर सुरी झुडपात अडकते. घरी ठेवली तर असून नसल्यासारखी. गळ्यात असली की कशी कायम हाताशी!"

"हाताशी!" सगळे कौतुकाने म्हणाले आणि खूर आपटून त्यांनी दाद दिली.

त्या वर्षीच्या सगळ्या चारोळ्या माकडाच्या ढोलीत गेल्या. सगळ्यांच्या गळ्यात सुऱ्या आल्या.

मग काय विचारता! चितळिणी तळ्यात वाकून बघू लागल्या. पाणी प्यायला नव्हे, सुरी कशी दिसते ते बघायला. कळपाचा म्होरक्या होता सर्जेराव सांबर. तो मान इतकी ताठ ठेवू लागला की त्याला धड चरता येईना.

पिंगीला मात्र आई आठवत होती. तिने सुरी काढून बघायचं ठरवलं. मान खाली घातली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. जीभ बाहेर काढली. तोंड काही गळ्याशी पोचेना. पुढचा पाय उचलून बघितला, तर खुरात सुरी येईना आणि पिंगीच तोंडावर आपटली.

ती सर्जेरावाकडे गेली.

"सर्जेमामा, तुम्हाला तुमची सुरी काढता येते?"

सर्जेरावाने आधी आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं. "न यायला काय झालं?"

"मग दाखवा ना."

"उगाच उपसायची नसते, पोरी. शस्त्र आहे ते. तू सराव कर."

पिंगीने जंगलभर विचारलं. सगळेच सराव करत होते.

शेवटी ती तिच्या मैत्रिणीकडे, झुंबर चितळिणीकडे गेली. झुंबर हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नकोस हं. मलापण येत नाही."

दोघी समोरासमोर उभ्या होत्या. पिंगीच्या नाकासमोर झुंबरची सुरी लोंबत होती. पिंगीने सहज ती दातांत धरली, ओढली. सुरी निघाली! तिने बाजूची वेल कापून बघितली. वेल तुटली! मग झुंबरने पिंगीची सुरी काढली. तीही निघाली. दोघी इतक्या नाचल्या की शेजारची लावरी दचकून उडाली.

दुसऱ्या दिवशी पिंगीने सभेत सांगितलं, "आपली सुरी आपल्याला काढता येत नाही, पण शेजारच्याची येते. म्हणून तळ्यावर जोडीजोडीने जाऊ या. एक अडकला तर दुसरा सोडवेल."

सगळ्यांनी एकमेकांच्या गळ्याकडे पाहिलं. मग नीलगाय म्हणाली, "म्हणजे? माझ्या गळ्याशी हिचं तोंड?"

"आज दोरी कापेल, उद्या गळा कापेल!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आणि ही म्हणते, आपल्याला काढता येत नाही. तुला येत नसेल, बाई. आमचा सराव चालू आहे!"

पिंगीने झुंबरकडे पाहिलं. झुंबर जमिनीवरचं गवत बघत होती. खाण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फांदीवरून माकड म्हणालं, "हे होणार म्हणून मी आधीच सोय करून ठेवली आहे." त्याने चामड्याची म्यानं काढली. प्रत्येक म्यानाला पितळी बटण होतं. "हे लावलं की दुसऱ्या कोणाला तुमची सुरी काढताच येणार नाही."

"आणि ज्याची त्याला?" पिंगीने विचारलं.

"ज्याची त्याला न यायला काय झालं? त्याचीच तर आहे!"

ही गोष्ट सगळ्यांना पटली. पुढच्या वर्षीच्या चारोळ्याही माकडाच्या नावे झाल्या. सर्जेरावाने नियम केला की कोणी कोणाच्या गळ्याजवळ जायचं नाही. पूर्वी पाणी पिताना सगळे अंगाला अंग लावून उभे राहायचे. एकाची मान खाली गेली की दुसऱ्याचे कान वर असायचे. आता जो तो लांब उभा राहून शेजाऱ्यावर लक्ष ठेवू लागला. पायवाटेकडे कोणी बघेना.

आणि एका संध्याकाळी पिंगीचा पाय फासात गेला.

पिंगी भुंकू लागली. सगळे धावत आले आणि नियमाप्रमाणे लांब उभे राहिले.

"घाबरू नकोस!" सर्जेराव म्हणाला. "तुझ्याकडे सुरी आहे!"

"गळ्यात सुरी असून रडते!" नीलगाय म्हणाली.

"झुंबर, ये ना गं," पिंगी म्हणाली. "दातांनी बटण तोड. तुला जमेल. आपण काढली होती ना?"

झुंबर दोन पावलं पुढे आली.

"झुंबर!" सर्जेराव गरजला. "उद्या असंच कोणी तुझ्या गळ्याशी आलं तर?"

झुंबर थांबली.

"माकडभाऊ," पिंगीने वर पाहिलं, "तुम्हाला तर हात आहेत!"

माकडाला खरोखरच वाईट वाटलं. "आलो असतो गं. पण सुरी असून माकड बोलवावं लागलं, असं उद्या लोक म्हणतील. मग या सुऱ्यांवर कोण विश्वास ठेवील?"

तेवढ्यात पाचोळा वाजला. शिकारी येत होता. सगळे पळाले. झुंबरने एकदा मागे वळून पाहिलं, मग तीही पळाली.

शिकाऱ्याने पिंगीला गुडघ्याखाली दाबलं. कमर चाचपली, खिसा चाचपला.

"च्यायला, सुरी घरीच राहिली!"

मग त्याची नजर पिंगीच्या गळ्याकडे गेली. त्याने अंगठ्याने बटण उघडलं. टक्. सुरी बाहेर काढून बोटावर धार पाहिली.

"वा! गळ्यातच! किती सोयीचं!"

भुंकणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. "सराव कमी पडला बिचारीचा," सर्जेराव म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

"पण धार बघितलीत?" माकड म्हणालं. "एका झटक्यात!"

ते खरंच होतं. सभा संपल्यावर झुंबरने माकडाकडून आपला गोफ थोडा घट्ट करून घेतला.

तात्पर्य : लहानशी सुरी नेहमी गळ्यात बाळगावी. वेळेला ती उपयोगी पडतेच. आपल्यालाच पडावी असा हट्ट मात्र धरू नये.