फोटो दाखवणाऱ्या लायब्ररीचा मानपान

मुलगा शिकून शहाणा झाला की घरातला फोन मुका होतो, हा उदारीकरणाचा पहिला नियम होय. नल्लकुंट्याच्या कुसुमताईंची तक्रार एवढीच, की त्यांच्या शिवराजने तो नेमका आजच पाळायला घेतला होता. आज नांदेडहून लेकीच्या, तेजश्रीच्या, बाळंतपणाचा फोन यायचा होता. (पहिलं माहेरी, दुसरं सासरी. हा नियम देश उघडायच्या आधीचा.) कळा सुरू झाल्याचं जावयाने पहाटेच कळवलं होतं. "आत नेण्याआधी ती तुमच्याशी बोलेल," असंही म्हणाला होता.

शिवराजचं कामही भाच्याचंच. बाळाचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसावा म्हणून तो प्रोग्राम लिहीत होता. फोटो दाखवणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा गठ्ठा, कुणा परदेशी सज्जनाने आधीच लिहून फुकट वाटली होती. फोनच्या तारेतून उतरवायची (तेवढा वेळ फोन बंद) आणि बसवायची. पाच मिनिटांचं काम. (शिवराज शिकला त्या अमीरपेठेच्या कॉम्प्युटर क्लासात पाच मिनिटं हे वेळेचं माप नसून धीर द्यायची पद्धत आहे.)

लायब्ररी उतरली, पण बसेना.

"आई, हिला आणखी एक लागते म्हणे. ती हिच्यासोबत येत नाही, मशीनवर आधीपासून असावी लागते."

कुसुमताईंना नवल वाटलं नाही. शाळा तिसरीत सुटली असली तरी त्यांनी घरची चार लग्नं उरकली होती. नवरदेव मांडवात येतो, मामा जानवशात रुसून बसतो. मामाला आणायला जावं, तर तो विचारतो, माझ्या साडूला आमंत्रण कुठाय? इथंही तसंच. कोण कोण हवंय ते यंत्र एकदम सांगत नसे. एकीला आणली की दुसरीचं नाव काढी, आणि दर नावागणिक फोनची तार पुन्हा गुंते. व्यवस्था मोठी शिस्तीची.

"शिवा, सोड रे फोन. तेजू बोलायची राहील."

"अर्ध्यावर तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, आई. ही शेवटची."

(हे वाक्य न बोलता कॉम्प्युटरवरून उठलेला कुणी वाचकांत असल्यास त्याने जरूर कळवावं.)

दुपारी कळलं की सगळ्यांच्या पायाखालची मूळ लायब्ररीच जुनी आहे. शिवराजने ती उपटून नवी बसवली. सुधारणेच्या काळात नवं चालण्यापेक्षा जुनं उपटणं महत्त्वाचं. त्यासरशी जुनीच्या आधाराने जेवत असलेले यच्चयावत प्रोग्राम पंगतीतून उठले. पडदा काळा झाला. फोन तेवढा सुटला.

इतक्यात शेजारची पद्मावती दारात आली.

"क्या मौसी, सुबू से तुम्हारा फोन एंगेजच एंगेज! दामाद हमारे घर को फोन करे. बेटी हुई. आपरेशन करना पड़ा, अब दोनों अच्छे हैं. अंदर जाने के पहले तेजश्री बहुत रोई बोले, अम्मा से बात होनाच बोलके."

कुसुमताईंनी देवापुढे साखर ठेवली. पद्मावतीच्या हातावर ठेवली. शिवराजच्याही ठेवली.

"आई," तो साखर चघळत म्हणाला, "आता सगळं पुसून मुळापासून टाकतो. फोटो येईस्तोवर होईल बघ."

"टाक की," कुसुमताई म्हणाल्या. "गुणाची आहे तुझी पेटी. गोतातलं एक जण आलं नाही तर जागची हलत नाही. तुझं मात्र बहिणीवाचून दिवसभर काही अडलं नाही."