बाळंतिणीच्या खोलीत भरलेल्या खोक्यांची बखर

श्रीकुलस्वामिनी साक्ष, प्रसन्न असो वा नसो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष मासी वर्तमान ऐसे जे: तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचे एक राज्य होते. राजे वामनराव दळवी, सेवानिवृत्त. यांची स्तुती येथे लिहावयाची असते, पुढे चला. राणी हेमांगीबाईसाहेब, आणि राजांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब, ज्यांचा हुकूम राजांहून मोठा. कन्या ऋताबाई सासरी होत्या, त्यांस सातवा मास सरत आला, आणि पहिले बाळंतपण माहेरी हा कुळाचार, म्हणून मधली खोली त्यांची ठरली. पण मधल्या खोलीत पाऊल ठेवावयास जागा नव्हती. खोके होते. राणीसाहेबांनी दुपारी फोन हाती घ्यावा, आणि व्यापाऱ्यांचे दूत त्यात दवंडी पिटीत, की हाच शेवटचा प्रहर, खास आपल्यासाठीच राखिले आहे; मग राणीसाहेबांनी बोट टेकवावे, आणि खोका येईतो चेहरा उजळावा, आणि हाती आला की विझावा, आणि तो न फोडताच मधल्या खोलीत दडवावा. कढया आल्या, चादरी आल्या, मग झबली आणि दुपटी आली, आणि बाळास निजावयास जागा तेवढी उरली नाही. त्या दूतांच्या जिभेस काटे येवोत, ज्यांस बाईची रिकामी दुपार बरोबर हुडकता येते. आणि घरच्यांस येत नाही.

मग दरबार भरला आणि राजे बोलिले, "एवढी शिकलेली तू, मनावर ताबा नाही?" आक्कासाहेब बोलल्या, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." राणीसाहेब म्हणाल्या, "उद्यापासून बंद," आणि दर वेळी हे मनापासूनच म्हणत. ऋताबाईंनी फोनवरून सांगितले, "बाबा, हा आजार आहे. आईला डॉक्टरांकडे न्या." राजे बोलिले, "वेड्यांच्या डॉक्टरकडे? सोसायटीत तोंड दाखवायचंय मला." भ्याले, आणि त्यास अब्रू म्हणाले. मग आक्कासाहेबांनी मसलत काढली, की संक्रांतीच्या हळदीकुंकवास सगळे खोके वाण म्हणून लुटावे. खोली मोकळी, पुण्य पदरी. वाहवा जाहली. बायका जिना चढत एकमेकींस सांगत, "अगं, दळवीवहिनींकडे वाणात कढई मिळतेय, पिशवी मोठी घे." सांजेस मधल्या खोलीची फरशी दिसली. पण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, हे मसलत देणारीस ठाऊक असून सुचले नाही. वाण कमी पडू नये म्हणून राणीसाहेबांनी पुन्हा बोट टेकविले, या वेळी उजळ माथ्याने. म्हणाल्या, "वन्सं, द्यायलाच तर घेतेय." आणि खोली छतापर्यंत भरली.

मग माघ मासी ऋताबाई पोट सांभाळीत आल्या आणि मधल्या खोलीच्या दारातच अडल्या. राजे बोलिले, "हॉलमध्ये झोपेल, काय त्यात." ऋताबाई एका खोक्यावर बसल्या आणि जे दरबारात कोणी विचारिले नव्हते ते विचारिले, "आई, घेतेस तेव्हा काय होतं गं?" राणीसाहेब म्हणाल्या, "तो कुरिअरवाला दारात विचारतो, हेमांगी दळवी कोण. मी म्हणते, मी. तू होतीस तोवर 'आई' तरी ऐकू यायचं. आता या घरात माझं नाव कोण घेतं? ह्यांचं 'ऐकलंस का', वन्संचं 'वहिनी'. मग खोका हातात येतो आणि लाज वाटते. लाज वाटली की दुसरा मागवते." ऋताबाई उठल्या. म्हणाल्या, "बाबा, उद्या तुम्ही आईबरोबर डॉक्टरांकडे जाणार. बाहेर बाकावर नाही, आत बसणार. नाहीतर मी परत सासरी जाते, कुळाचार गेला खड्ड्यात." आक्कासाहेब बोलल्या, "पोटुशीनं असं बोलू नये." ऋताबाई बोलल्या, "आणि पोटुशीनं खोक्यावर बसावं?"

राजे गेले, आत बसले. वैद्य बोलिले, की मोह चढतो तसा उतरतो, उतरेतो कोणी जवळ बसावे. ओरडू नये, ओरडल्याने लाज वाढते आणि लाजेने खोका येतो. आणि दुकाने फोनातून काढावी. मग राजांस पुसिले, "दुपारी आपण कुठे असता?" राजे पत्त्यांच्या अड्ड्यावर असत, ते त्यांस सांगवेना. मग माय-लेकी रोज थोडे खोके फोडू लागल्या, आणि जे परत जाण्याजोगे ते परत गेले. चैत्रात ऋताबाई प्रसूत जाहल्या, कन्या जाहली, तेव्हा खोली अर्धीच मोकळी होती. बाळ-बाळंतीण अर्ध्या खोलीत निजली. आणि बारशाच्या दिवशी दारी नवा खोका आला. राजांनी तोंड उघडले. राणीसाहेब म्हणाल्या, "ओरडू नका. इथं बसा." राजे बसले.

येणेप्रमाणे घडले. राणी बरी जाहली असे लिहील तो खोटे लिहील. खोके क्वचित अजून येतात. पण आजारास हट्ट म्हणून ज्यांनी वर्षे घालविली, त्यांचा जयजयकार या लेखणीने होणे नाही. याहून गोड लिहवत नाही.