कळ फिरवण्याची परवानगी

१९७४ साली आमच्या नागपूरच्या कार्यालयात टेलिफोन एक होता आणि लाइनी दोन : एक शहराची, एक खात्याची. अदलाबदलीसाठी टेबलावर लाकडी पेटी होती आणि तिला बोटाएवढी कळ. कळ फिरवायला क्षणही लागत नसे, म्हणून तिच्यासाठी चार पानी परिपत्रक निघाले. कार्यालयातली टायपिस्ट म्हणून ते मीच टाइप केले. अजून पाठ आहे.

कलम दोन : शहराच्या लाइनीवर जाण्यापूर्वी विभागीय साहेबांची तोंडी परवानगी टेलिफोनवरून घ्यावी.

साहेबांचा टेलिफोन शहराच्या लाइनीवर होता.

त्या दिवशी कळ खात्याच्या बाजूला होती आणि आमचा कारकून मुकुंद घामाघूम. महाल वस्तीतल्या दादाजींची मुलगी पुष्पलता त्याला पसंत होती, तिलाही तो. पण दादाजींकडे नवा फोन लागलेला, त्यामुळे होकार आमच्या शहराच्या लाइनीवर फोन करूनच देणार, चार वाजता. कुणी उचलला नाही, तर पाचला गोंदियाच्या मुलाशी सुपारी फुटणार.

"भैयाजी, कळ फिरवा ना," मुकुंद हेडक्लार्कना म्हणाला.

"फिरवतो ना गा. परवानगी?"

"साहेबांले फोन लावा."

"लावतो. पहिले कळ तं फिरू दे."

"मंग फिरवा!"

"परवानगी?"

मुकुंद सायकल मारत साहेबांकडे गेला आणि तोंडी परवानगी घेऊन आला. भैयाजींनी चष्मा पुसला. "टेलिफोनवरून, असं लिहून हाय."

साडेचारला रिक्षातून पुष्पलताच उतरली.

"फोन काहून नाही उचलत जी? बाबा केव्हाचे नंबर फिरवून राहिले!"

मुकुंदने तिला परिपत्रक वाचून दाखवले. तिने चारही पाने ऐकली, "एवढंच?" म्हणाली आणि कळ फिरवली.

"अवं पोरी, थांब वं!" भैयाजी ओरडले. घंटी वाजली. मुकुंदला होकार मिळाला, आणि कार्यालयाला चौकशी समिती.

काहीच कसे बिघडले नाही, याचा समितीने आठ महिने शोध घेतला. निष्कर्ष : परिपत्रक कर्मचाऱ्यांना लागू आहे, बाहेरच्या व्यक्तीला नाही. तेव्हापासून कळ फिरवायची झाली की शिपाई गोविंदा रस्त्यावरून कुणाला तरी धरून आणी. पुढे त्यासाठी एक माणूस कायम नेमला. पण नेमल्याबरोबर तो कर्मचारी झाला, आणि गोविंदा पुन्हा रस्त्यावर गेला.

बहुतेक लोक हसत, कळ फिरवत आणि निघून जात. तुम्हालाही एकदा आणले होते. तुम्ही हात पुढे केलात, मग मागे घेतलात आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलेत, "बाई, ही परवानगी लेखी मिळेल का?"