कोटाच्या आतल्या खिशातला वटवट्या

निवृत्त झाल्यापासून हेडक्लार्क दोन वर्षं खिडकीशी बसून होते (खिडकीलाही त्यांचा कंटाळा आला असावा). यांना एकदाचं घराबाहेर काढ, म्हणून बायकोने देवापुढे हात जोडले. देवाने ऐकलं आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंना धाडलं. बाई दर रविवारी तळ्याकाठी जाळी लावून पाखरं धरत, पायात नंबराचं कडं घालत, मापं टिपून घेत आणि सोडून देत. त्यांना मदतीला माणूस हवा होता.

हेडक्लार्कांकडे कापडी पिशव्या आल्या. एका पिशवीत एक पाखरू, ते सुटलं की पिशवी परत. उभा जन्म फायलींत गेलेला माणूस. पहिल्याच रविवारी शीळ घालत घरी आला.

एका थंड सकाळी जाळीत मूठभरही नसलेला वटवट्या आला. पायात आठ वर्षांपूर्वीचं कडं; एवढंसं पाखरू इतकं क्वचितच जगतं. बाईंचे डोळेच भरून आले. "गारठलाय. पिशवीसकट कोटात ठेवा, दहा मिनिटांनी सोडा."

हेडक्लार्कांनी त्याला छातीशी धरलं. तेवढ्यात जाळी गुंडाळायला हाक आली, मग बस आली, मग जेवण, मग वामकुक्षी. कोट दारामागे खुंटीला.

संध्याकाळी धुण्याआधी बायकोने खिसे चाचपले.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे हलत नाहीये."

नंबर टिपून दोघांनी त्याला कुंडीतल्या मातीत ठेवलं. हेडक्लार्क पुन्हा खिडकीशी. उडून गेला म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? पण बाईंना कळलं तर रविवार संपलेच.

"आठ वर्षं कुणी ना कुणी त्याची नोंद ठेवली," बायको म्हणाली. "शेवटची तेवढी तुम्ही नाही ठेवणार?"

त्यांनी कड्याचं पाखरू सापडल्यावर भरायचा फॉर्म भरला आणि बाईंकडे धाडला. सापडल्याचे ठिकाण: माझा कोट, आतला खिसा, डावीकडे. मृत्यूचे कारण: मी.

तीन रविवार बाईंचा निरोप नाही. निरोप येईपर्यंत बायकोने चहा सोडला (म्हणजे हेडक्लार्कांचाही सुटला). चौथ्या आठवड्यात पाखरांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य कार्यालयाचं छापील पत्र आलं: 'इतका जुना पक्षी शोधून काढल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. पक्ष्याने तळ्यापासून कापलेले अंतर: चार किलोमीटर.' खाली बाईंच्या हातचं: 'रविवारी या. कोट नको.'

बायकोने आधी देवाला नमस्कार केला, मग चहा टाकला.

हेडक्लार्क गेले. कुडकुडत, हात चोळत उभे राहिले. कारण बायकोने पाटलोणीचेही दोन्ही खिसे शिवून टाकले होते.