कोणाचीही मदत न घेता

श्रीनिवासरावांनी पेनाचं टोपण काढलं, वर्तमानपत्राची घडी सारखी केली आणि स्वयंपाकघराकडे मुद्दाम न बघता म्हणाले, "बैलाच्या मानेखालून जोखडाला बांधायचा पट्टा. तीन अक्षरं. शेवटी 'णी'."

आतून लाटण्याचा आवाज तेवढा आला.

"तीन अक्षरं," ते जरा मोठ्यानं म्हणाले.

"मोजता येतात मला," कुसुमताई म्हणाल्या. "आपण सोडवावं. कोणाचीही मदत न घेता."

हे शब्द कुसुमताईंचे नव्हते, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे होते. ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचे अध्यक्ष रंगराव यांनी आदल्या रात्री निमंत्रण टाकलं होतं. रोजचं शब्दकोडं वर्षानुवर्षं 'कोणाचीही मदत न घेता' सोडवणाऱ्या श्रीनिवासरावांचा आज पाच वाजता क्लबहाउसमध्ये शाल-श्रीफळ देऊन सत्कार. त्याच वेळी आजच्या कोड्याचं सामुदायिक वाचन. नंतर बटाटेवडे.

वस्तुस्थिती अशी होती, की श्रीनिवासराव प्रश्न मोठ्यानं वाचत आणि पोळी तव्यावर टाकता टाकता कुसुमताई उत्तर देत. श्रीनिवासराव "तेच म्हणत होतो" असं म्हणून ते लिहीत. ही मदत आहे, असं त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. कोथरूडमध्ये नळाला पाणी येतं, तसं स्वयंपाकघरातून उत्तर येतं, एवढंच ते धरून चालले होते.

त्या दिवशी त्यांनी खरोखर घाम गाळला. अकरा वाजेपर्यंत सगळा चौकोन भरला. 'णी'च्या आधीची दोन घरं तेवढी रिकामी राहिली. दोन दात पडलेल्या माणसाला आरशात दात सोडून दुसरं काही दिसत नाही, तसं त्यांचं झालं. पाच वाजता हे सगळ्यांसमोर वाचायचं होतं. अंगावर शाल आणि तोंडात शब्द नाही!

त्यांनी कट्ट्यावरच्या माधवरावांना फोन लावला.

"माधवा, सहज विचारतोय. तो पट्ट्याचा शब्द तुला आला का?"

"म्हणजे? सत्कारमूर्तीला आला नाही?"

"आला रे. तुझा ताडून बघावा म्हटलं."

"सोपा आहे," माधवराव म्हणाले. मग फोनवर वर्तमानपत्र उलटसुलट केल्याचा आवाज आला. "आत्ता फोडत नाही. पाचला मजा जाईल." आणि फोन बंद.

दहाच मिनिटांत कुसुमताईंचा मोबाइल वाजला. "हं, बोल गं दीपमाला," म्हणत त्या गॅलरीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. दीपमाला म्हणजे माधवरावांच्या पत्नी. नंतर रंगरावांच्या मुक्ताईंचा फोन आला. मग आणखी चौघींचे. एरवी श्रीनिवासरावांनी "आज काय आहे एवढं?" असं विचारलं असतं. पण सकाळपासूनच्या अबोल्यात चौकशी करणं म्हणजे शरणागती.

शेवटी ते समोरच्या फ्लॅटमधल्या कादंबरीकडे गेले. ती आयटीतली, घरून काम करणारी.

"काका, दोन मिनिटं हां, कॉलवर आहे," म्हणून तिनं एका हातानं प्रश्न मोबाइलच्या एआयला विचारला. "हे म्हणतंय 'सीटबेल्ट'."

"बैलाला?"

"सॉरी म्हणतंय. आता 'गळापट्टी' म्हणतंय. पाच अक्षरं बसत नसतील तर कोड्याची रचना तपासा म्हणतंय."

"चार आहेत ती. आणि याला एवढा आत्मविश्वास कुठून येतो?"

"पुण्यात ट्रेन झालं असेल," कादंबरी म्हणाली. "कुसुमकाकूंना विचारू का?"

"अजिबात नको!" श्रीनिवासराव दचकून म्हणाले आणि घरी परतले.

पाच वाजता क्लबहाउस भरलं. पुरुष मंडळी पुढे, आपापली कोडी मांडीवर उलटी ठेवून. बायका मागे. श्रीनिवासरावांच्या खिशात दोन रिकाम्या घरांचं कोडं होतं. रंगराव प्रश्न वाचत होते, मंडळी एका सुरात उत्तरं देत होती. शाळेतले पाढे चालावेत तसं चाललं होतं.

"बैलाच्या मानेखालचा पट्टा," रंगराव म्हणाले. "सत्कारमूर्ती?"

श्रीनिवासराव उठले. "आला नाही," ते म्हणाले. "दोन घरं रिकामी आहेत."

सभेत कुजबुज झाली. रंगरावांचा चेहरा एवढा प्रसन्न क्वचितच झाला असेल. "अरेरे! आम्हाला तर पहिल्या फटक्यात आला. लोंबणी!"

"लोंबणी," माधवराव म्हणाले.

"लोंबणीच," पुढच्या रांगांतले आणखी चौघे म्हणाले. एकानं तर लहानपणी आजोळी लोंबणी स्वतः बांधल्याचंही सांगितलं.

मागच्या रांगेत कुसुमताई उभ्या राहिल्या. "माफ करा हं, मधेच बोलते. लोंबणी असा शब्द नाहीये. तो मी सकाळी गॅलरीत फोनवर बोलताना तयार केला."

दीपमालाताई छताकडे बघायला लागल्या. मुक्ताईंना पर्समध्ये काहीतरी सापडेना. सहा सहा कोडी मांडीवर पुन्हा उलटी झाली.

"म्हणजे आज," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, "कोणाचीही मदत न घेता कोडं सोडवलं ते यांनी एकट्यानंच. घाला शाल."

रंगरावांनी ती घातली. श्रीनिवासरावांनी शाल काढली आणि सरळ मागच्या रांगेत गेले. "रोजची उत्तरं हिची असतात," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ही शालही हिचीच."

"शाल नको, उकडतंय," कुसुमताई म्हणाल्या. "नारळ द्या. उद्या चटणीला होईल."

घरी येताना जिन्यात श्रीनिवासरावांनी विचारलं, "अगं, पण खरा शब्द काय आहे?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"येत असता तर तोच नसता का दिला? पण इतक्या जणी विश्वासानं विचारतात, 'माहीत नाही' कसं म्हणायचं?"

श्रीनिवासराव जिन्याचा कठडा धरून हसत सुटले. कुसुमताईंनी जरा वेळ हसू आवरलं, मग त्याही हसल्या. एवढ्यात मोबाइल वाजला. त्यांनी ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "रंगराव आहेत. स्वतः. म्हणतायत, मला खरंच माहीत नाही, तुम्हाला येतोय का वहिनी?"

"रंगराव? 'माहीत नाही' म्हणाले?"

"दोनदा म्हणाले." त्यांनी फोन कानाला लावला. "आम्हालाही नाही हो. असं करा, मुक्ताईंना घेऊन या वर. माधवराव दिसले तर त्यांनाही आणा. चहा टाकते."

श्रीनिवासरावांनी आतल्या खुर्च्या बाहेर आणल्या आणि कोडं टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं पसरलं. बेल वाजली. दार उघडायला जाताना त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि पेन कुसुमताईंच्या हातात दिलं.