गाडीच्या डोळ्याची तपासणी

मोजमापात मी चुकत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नसून नोंद म्हणून सांगत आहे. शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यानंतर चौतीस वर्षे मी सातपूरच्या एका कारखान्यात मोजमापाच्या साधनांची तपासणी केली. बाकीचे लोक वस्तू मोजत. ते ज्याने मोजत, ते मी मोजत असे! मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक मला भाजीतल्या खड्यासारखा बोचतो.

निवृत्तीनंतरही ही शिस्त सुटलेली नाही. आमच्या घरातला वजनकाटा, भिंतीवरचे घड्याळ, तापमापक, इतकेच काय पण पोळपाटसुद्धा दर सहा महिन्यांनी तपासला जातो. कोणी तपासले, केव्हा तपासले आणि पुन्हा केव्हा तपासायचे, याची चिठ्ठी ज्या साधनावर नाही, ते आमच्या विभागात भंगार समजले जाई. पोळपाटाच्या पाठीवरही अशी चिठ्ठी आहे. एकदा ती पोळीला चिकटून व्याह्यांच्या ताटात गेली होती. परंतु तो विषय वेगळा.

सांगायचे आहे ते गाडीविषयी. माझे वय एकाहत्तर. दर पंधरा दिवसांनी मी स्वतः गाडी चालवत लासलगावला माझ्या थोरल्या बहिणीकडे, गोजराअक्काकडे जातो. अक्का ऐंशीची आहे. मी गेलो की ती मला "बारीक झालास" म्हणते, मी तिला "तू तशीच आहेस" म्हणतो, आणि दोघांचेही समाधान होते. माझा मुलगा अमोल याला हे गाडी चालवणे पसंत नव्हते. अखेर त्याने तोडगा काढला. समोर कॅमेरा असलेली नवी गाडी त्याने घेऊन दिली. ती रस्त्यावरचा आखलेला पट्टा सोडला की सावध करते आणि समोर अडथळा आला तर स्वतःच ब्रेक लावते.

"बाबा, तुम्ही चालवा," तो म्हणाला, "पण तुमच्यावर लक्ष ठेवायला ही आहे."

मला ते शब्द आवडले नाहीत. गाडी आवडली.

गेल्या महिन्यात विंचूरच्या पुढे एका ट्रॅक्टरच्या चाकाखालून खडा उडाला आणि पुढच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग पसरली. काच बदलावी लागली. काच बदलणे सोपे असते. खरे काम त्यानंतरचे! कॅमेरा आरशाच्या मागे, काचेला लागून बसवलेला असतो. काच बदलली की त्याचा कोन बदलतो, आणि कोन केवळ एक अंशाने चुकला तरी शंभर मीटरवर तो पावणेदोन मीटरने चुकतो. म्हणजे समोरचा ट्रॅक्टर त्याला शेतात दिसायचा आणि शेतातली म्हैस रस्त्यावर!

अमोलने पुण्याहून फोनवर स्पष्ट बजावले. "बाबा, ही तपासणी नीट झाली पाहिजे. शनिवारी मी येतो. लासलगावपर्यंत तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. गाडीने एकही चूक केली, तर किल्ली माझ्याकडे. मग आपण राकेशला ठेवू."

राकेश हा आमच्या कॉलनीतील ड्रायव्हर. तो गाडी कमी चालवतो आणि फोनवर जास्त बोलतो. त्याच्या मागच्या सीटवर पार्सलासारखे बसून मी अक्काकडे जायचे? मी अमोलला म्हणालो, "तू ये. मापन कशाला म्हणतात, ते तुला दाखवतो!"

मुंबई नाक्याजवळच्या वर्कशॉपमध्ये मी सकाळी साडेनऊला हजर झालो. सोबत मोजपट्टी, ओळंबा आणि माझी वही होती. तिथला तंत्रज्ञ संतोष हा तिशीचा शांत मुलगा. त्याने गाडीसमोर काळ्यापांढऱ्या चौकटींचा मोठा फलक उभा केला आणि संगणक जोडला.

"चाकांतली हवा पाहिलीत?" मी विचारले.

"पाहिली, काका."

"डिकी रिकामी आहे?"

"होय, काका."

"जमीन समपातळीत आहे याचा पुरावा?"

संतोषने माझ्याकडे पाहिले. "काका, या जमिनीवर आजपर्यंत दोनशे गाड्या झाल्या."

"दोनशे वेळा चूक झाली असेल, तर ती दोनशे वेळा चूकच असते," मी म्हणालो, आणि फलकाला ओळंबा लावला. फलक सरळ होता. मला किंचित वाईट वाटले.

वीस मिनिटांनी संगणकावर हिरवी खूण आली. संतोषने मला बाहेर एक चक्कर मारून आणले. गाडीने प्रत्येक पट्टा ओळखला, समोरच्या प्रत्येक रिक्षाची दखल घेतली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "आमच्या विभागात असतास, तर तुला मी घडवले असते."

"थोडक्यात वाचलो म्हणायचं, काका," तो हसून म्हणाला. मुलगा विनयशील होता.

घरी आल्यावर सुवर्णाने, म्हणजे माझ्या पत्नीने, गाडीची पूजा केली. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढे लिंबू-मिरची आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यात कुंकवाचे स्वस्तिक. माझी काही हरकत नव्हती. मग राहिलेली औपचारिकता मी स्वतः पार पाडली. मोजपट्टीने काचेचा मध्य काढला, वरून अंतर घेतले, जागा स्वच्छ पुसली आणि काम चोख केले.

सुवर्णा ताम्हन हातात घेऊन बघत होती. "अहो, तिथे कशाला?"

"चालकाच्या नजरेआड राहावे म्हणून," मी म्हणालो. "अशा गोष्टी विचारपूर्वक कराव्या लागतात."

शनिवारी सकाळी अमोल आला. तो माझ्या शेजारी बसला, सुवर्णा मागे. मला अजून लहानपणच्या नावानेच हाक मारणाऱ्या अक्काचा फोन येऊन गेला होता: "भाकरी थापाया घेतेय. लवकर ये रे सावळ्या, गार भाकर तुला गिळवत नाय!"

गाडी सुरू केली आणि पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना आली: समोरच्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही.

"बाबा?" अमोल म्हणाला.

"थंडी आहे. काचेवर दव असेल."

दव नव्हते. नऊ वाजून गेले होते आणि ऊन चांगले तापले होते. शिलापूर येईपर्यंत गाडी चार वेळा किंचाळली. एकदा रस्ता मोकळा असताना, एकदा वळणावर आणि दोनदा, माझ्या मते, केवळ सवयीने.

"तो हार!" मी म्हणालो. "हाराची फुले वाऱ्याने वर उडून कॅमेऱ्यासमोर येत आहेत."

गाडी बाजूला घेऊन मी हार काढला. सूचना कायम!

"लिंबू-मिरची," मी म्हणालो.

"लिंबू-मिरची खाली बंपरला आहे हो!" सुवर्णा म्हणाली. "आणि मी काय म्हणते, ते तुमचं—"

"सुवर्णा, ही तांत्रिक बाब आहे."

लिंबू-मिरची काढली. सुवर्णाने ती पदराच्या टोकात बांधून घेतली आणि माझ्याकडे असे पाहिले, की जणू ती लिंबू-मिरची मलाच बांधायला हवी होती. सूचना कायम!

"मग ते स्वस्तिक," मी म्हणालो. "कुंकवाचे कण उडतात. ते काचेवर पसरतात. प्रकाशाचे विकिरण होते."

"कुंकू ओलं करून लावलंय," सुवर्णा म्हणाली. "आणि अहो, वरती ते तुम्ही—"

"विकिरण!" मी ठामपणे म्हणालो, बाटलीतले पाणी घेतले आणि स्वस्तिकासह संपूर्ण काच घासून पुसली. अर्थात जेवढी पुसायची होती तेवढीच.

 अमोलने आपला उजवा पाय पुढे रेटून धरला होता. त्याच्यासमोर ब्रेक नव्हता, तरीही तो नसलेला ब्रेक सारखा दाबत होता.

चांदोरी ओलांडली. रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर लासलगावच्या लिलावाकडे निघाले होते, ट्रॉल्या काठोकाठ भरलेल्या. आमच्यामागे एक ट्रॅक्टर, पुढे शंभर मीटर रस्ता रिकामा. मी शांतपणे तीसच्या वेगाने चाललो होतो. आणि अचानक गाडीने असा काही टाहो फोडला, की गाडी जागच्या जागी उभी राहिली! ब्रेक गाडीने लावला की मी, याबद्दल आमच्या घरात आजही दोन मते आहेत. पहिले मत माझे आहे. दुसरे बाकी सर्वांचे.

मागच्या ट्रॅक्टरने करकचून ब्रेक दाबला. तो आम्हाला धडकला नाही. पण ट्रॉलीतले कांदे थांबले नाहीत. धडधडधड! लाल गोल कांदे आमच्या छतावर, बॉनेटवर आणि रस्ताभर घरंगळत गेले.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. पन्नाशीचा दणकट माणूस, डोक्याला टॉवेल. त्याने आधी कांद्यांकडे पाहिले, मग मोकळ्या रस्त्याकडे, मग माझ्याकडे.

"काय बाबा, कोण आडवं आलं?"

"कोणी नाही," मी प्रामाणिकपणे म्हणालो. "गाडीला वाटले, कोणी आहे."

"गाडीला वाटलं?" तो ट्रॉलीला टेकून हसू लागला. "लय शहाणी गाडी हाय! मार्केटला पोचायच्या आधीच माझा लिलाव पुकारला की तुम्ही!"

आम्ही तिघेही कांदे वेचू लागलो. माझ्या हातात आलेला प्रत्येक कांदा मी आकारानुसार वेगळा ठेवत होतो. तो माणूस, त्याचे नाव फकिरा, थोडा वेळ पाहत राहिला. "बाबा, टाका की कसेबी ट्रॉलीत! लग्नाच्या पंगतीचा मान नाय त्यांना." शेवटचा कांदा भरल्यावर त्याने एक उचलून माझ्या हातात दिला. "घ्या. आठवण म्हणून. आणि गाडीला चष्मा लावा!"

तो गेला. अमोलने माझ्यासमोर हात पसरला.

"बाबा, किल्ली."

मी किल्ली दिली. एकाहत्तर वर्षांत मी बऱ्याच गोष्टी सोडल्या: चहातली साखर, जिने, कारखान्याची खुर्ची. पण ती किल्ली देताना बोटे लवकर सुटेनात. मागच्या सीटवर बसताना मला अक्काच्या तव्यावरच्या भाकऱ्या दिसल्या आणि स्टीअरिंगमागे फोनवर बोलणारा राकेश.

"लासलगाव राहू दे," अमोल म्हणाला. "आधी वर्कशॉप."

परतीच्या वाटेवर मी वहीत संतोषविरुद्ध अकरा मुद्दे काढले. फलकाचे अंतर, दिव्याची सावली, संगणकाची बॅटरी आणि त्याने कामाच्या मध्ये चहा घेतला ही गंभीर बाब. सुवर्णाने एकदा खाकरून पाहिले. मी बोट वर केले. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

वर्कशॉपमध्ये उतरताच मी सुरुवात केली.

"संतोष! तुमच्या तपासणीमुळे आज चांदोरीच्या रस्त्यावर एका शेतकऱ्याचा माल सांडला. मुद्दा क्रमांक एक—"

"काका, गाडी तर बघू द्या आधी."

"बघण्यासारखे काहीही नाही. मी सर्व तपासले आहे. हार काढला, लिंबू काढले, काच पुसली. दोष आतला आहे. मुद्दा क्रमांक एक, फलक—"

संतोष गाडीसमोर गेला. थांबला. काचेच्या अगदी जवळ वाकला, डोके एकदा डावीकडे कलते केले, एकदा उजवीकडे. मग कमरेवर हात ठेवून, शाळेतल्या मुलाने फळा वाचावा तसे, मोठ्याने वाचू लागला:

"कॅमेरा... तपासला. स्थिती... अचूक. दिनांक... पुढील तपासणी... सहा महिन्यांनी." तो वळला. "काका, खाली सही कोणाची हो ही?"

 कोणीतरी पाना खाली ठेवला, त्याचाही आवाज ऐकू आला.

पिवळी चिठ्ठी. साठ गुणिले चाळीस मिलिमीटर. काचेच्या मध्यावर, आरशाच्या बरोबर मागे, कॅमेऱ्याच्या बुबुळावर, त्याचा खालचा काठ तेवढा मोकळा ठेवून. ठळक अक्षरांत, वॉटरप्रूफ शाईने, दोन हात पसरून उभ्या असलेल्या हवालदारासारखी!

"पण ती... चालकाच्या नजरेआड..." मी म्हणालो.

"चालकाच्या नजरेआड आहेच, काका," संतोष नम्रपणे म्हणाला. "गाडीच्या नजरेत आहे."

"मी तीन वेळा सांगत होते," सुवर्णा म्हणाली. "लावताना विचारलं, रस्त्यात दोनदा तोंड उघडलं. काच पुसताना तेवढी चिठ्ठी सोडून बाकी पुसलीत तुम्ही! माझं स्वस्तिक मात्र गेलं."

अमोल वाकून गुडघ्यांवर हात टेकून हसत होता. इतका हसताना मी त्याला दहावीच्या निकालानंतर पाहिले नव्हते, आणि तेव्हा तो निकालावर नव्हे, माझ्या चेहऱ्यावर हसला होता.

संतोषने ब्लेडने चिठ्ठी अलगद सोडवली. संगणक पुन्हा जोडला. हिरवी खूण. बाहेर चक्कर मारली. गाडी शांत, सभ्य, जणू सकाळी काही घडलेच नाही. एक मुद्दा मात्र मला नोंदवावासा वाटतो: तपासणी अचूक होती, हे माझे म्हणणे पहिल्यापासून बरोबरच होते! मी तसे म्हणालोही. कोणी वहीत घेतले नाही.

"आता निघायचं?" अमोल म्हणाला. "आत्याच्या भाकऱ्या गार होतील." आणि त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी किल्ली पाहिली, मग त्याच्याकडे पाहिले. "अट होती, गाडीने एकही चूक करू नये."

"गाडीने कुठे केली?" तो म्हणाला.

मग त्याने संतोषच्या हातातली ती चिठ्ठी घेतली, तिच्यात अजून बराच चिकटपणा होता, माझे पेन मागून तिच्यावरचा 'कॅमेरा' हा शब्द खोडला, वर 'बाबा' असे लिहिले आणि ती माझ्या शर्टाच्या खिशावर दाबून बसवली. सुवर्णाने माझ्याकडे, नवऱ्याकडे पाहावे तसे, पाहिले आणि पदराची गाठ सोडून लिंबू-मिरची आरशाला बांधू लागली.

"आरशाला नको!" मी ओरडलो. "कॅमेरा!"

"शिकतात हं," ती अमोलला म्हणाली.

लासलगावला पोहोचेपर्यंत गाडीने एकदाही आवाज केला नाही. दारात उभ्या असलेल्या गोजराअक्काने माझ्या खिशावरची चिठ्ठी अक्षर अक्षर जुळवून वाचली आणि विचारले, "सावळ्या, सहा महिन्यांनी तुला परत नेनार का काय हे लोक?"

आणि हो, अमोलने ती चिठ्ठी तीन मिलिमीटर तिरकी लावली होती. मी मोजली नाही. मोजपट्टी सुवर्णाने काढून घेतली आहे.